लाइट गेली, गिट रुसलं: कोकणातून कोडिंग-टेस्टिंग करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली, गुहागर, चिपळूण, कुडाळ, देवगड, कुठून कुठून मेसेज येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच. गणपतीला आलेले चाकरमानी लॅपटॉप घेऊन पडवीत बसले की तर विचारूच नका. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. कमांड देवनागरीत दिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे. आणि "माझा कोड बिघडला" म्हणून जे येतं ना, त्यात कोड क्वचितच बिघडलेला असतो, बहुतेक वेळा काहीतरी अर्धवट उतरलेलं असतं नाहीतर अर्धवट लिहिलं गेलेलं असतं, त्यामुळे आधी तिकडे बघायचं.

१. ताई, गिट क्लोन अर्ध्यावर येऊन तुटतं आणि परत शून्यापासून सुरू होतं. काय करू?

गिट म्हणजे कोडमधले बदल जपणारं टूल आणि क्लोन म्हणजे सर्व्हरवरचा अख्खा प्रोजेक्ट (रेपो) आपल्याकडे उतरवणं. क्लोन मधूनच पुढे सुरू होत नाही, तुटलं की गेलं. म्हणून एका दमात कमी उतरवायचं. `गिट क्लोन --डेप्थ १ <पत्ता>` केलं की फक्त शेवटची अवस्था येते, जुना इतिहास नाही. काम सुरू करा, मग रात्री रेंज बरी असेल तेव्हा `गिट फेच --डीपन=१००` असं थोडं थोडं मागे जा, पूर्ण हवं असेल तर शेवटी `गिट फेच --अनशॅलो`. दुसरा मार्ग `--फिल्टर=ब्लॉब:नन`, यात इतिहासाची यादी येते पण जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तेव्हाच उतरतो, म्हणजे ऑफलाइन असताना जुना ब्रँच उघडायला गेलात की अडकलात.

रेपो फारच मोठा असेल तर पुण्या-मुंबईच्या सहकाऱ्याला सांगा, `गिट बंडल क्रिएट प्रोजेक्ट.बंडल --ऑल`. एकच फाइल तयार होते, ती तुटलं तरी पुढे चालू राहणाऱ्या डाउनलोड मॅनेजरने घ्या किंवा गावी येणाऱ्याकडे पेनड्राइव्हवर पाठवा. ती फाइलच `गिट क्लोन` ला द्यायची, मग `गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन <खरा पत्ता>` आणि वरचं राहिलेलं फेच करायचं. मात्र कंपनीचा कोड पेनड्राइव्हवर न्यायला परवानगी आहे का ते आधी विचारा, नंतर नाही.

२. कमिट (बदलांची पक्की नोंद) करत होतो आणि लाइट गेली. आता गिट काहीच करू देत नाहीये.

बॅटरी मेलेला लॅपटॉप म्हणजे डेस्कटॉपच, त्यामुळे हा प्रश्न पावसाळाभर येतो. एरर नीट वाचा, दोन वेगळे आजार आहेत.

पहिला हलका, `इंडेक्स.लॉक` फाइल आधीच आहे असं म्हणतं. दुसरीकडे कुठे गिट चालू नाही ना, एडिटरमधलंसुद्धा, एवढं बघा आणि `.गिट` फोल्डरातली ती `इंडेक्स.लॉक` फाइल उडवा. संपलं.

दुसरा जड, `ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी`. म्हणजे गिटने फाइल उघडली पण आतला मजकूर डिस्कवर पोचायच्या आत लाइट गेली. काहीही करायच्या आधी अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा, हे टाळू नका. मग `फाइंड .गिट/ऑब्जेक्ट्स -टाइप एफ -एम्प्टी -डिलीट`, मग `गिट फेच`, मग `गिट एफएससीके --फुल`. (विंडोजवाल्यांनी हे गिट बॅशमध्ये करायचं, साध्या कमांड प्रॉम्प्टचा फाइंड वेगळा.) जे पुश झालेलं, म्हणजे सर्व्हरवर पाठवलेलं होतं ते तिथून परत येतं. जे पुश नव्हतं ते कमिट गेलं असेल पण तुम्ही लिहिलेल्या फाइली बहुतेक वेळा फोल्डरात तशाच असतात, परत कमिट करा. ब्रँचचाच पत्ता हरवला असेल तर `.गिट/लॉग्ज/हेड` ही साधी टेक्स्ट फाइल उघडा, तळाकडून वर येत शेवटचा धड कमिट क्रमांक शोधा आणि `गिट अपडेट-रेफ` ने ब्रँच त्यावर बसवा.

लाइट सारखीच जात असेल तर गिट २.३६ किंवा पुढचं घ्या आणि `गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.एफसिंक ऑल` करून ठेवा, थोडं हळू होतं पण डिस्कवर लिहून झाल्याशिवाय पुढे जात नाही.

३. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे तरी गिटहब पुश घेत नाही?

१३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब कमांड लाइनवर खात्याचा पासवर्ड घेतच नाही. पर्सनल अॅक्सेस टोकन काढा आणि पासवर्डच्या जागी ते टाका, नाहीतर एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) लावा. एसएसएच लावूनही नुसतं लटकत असेल तर तुमच्या नेटवर पोर्ट २२ बंद असू शकतो, एसएसएच कॉन्फिगमध्ये होस्ट `एसएसएच.गिटहब.कॉम` आणि पोर्ट ४४३ द्या.

४. एनपीएम इन्स्टॉल (जावास्क्रिप्टची पॅकेज उतरवणारी कमांड) फिरत बसतं आणि शेवटी ईकॉनरिसेट (कनेक्शन तुटल्याची एरर). कॅश क्लीन करून बघितलं, उपयोग नाही.

कॅश क्लीन करायला कुणी सांगितलं? नेटवर कुठेही शोधा, पहिलं उत्तर `एनपीएम कॅश क्लीन --फोर्स`, आणि रेंज नसलेल्या गावात ते म्हणजे भरून ठेवलेली पाण्याची पिंपं मे महिन्यात ओतून देण्यासारखं आहे. जे उतरलेलं होतं तेही गेलं. शंका असेल तर `एनपीएम कॅश व्हेरिफाय`, तो खराब तेवढंच काढतो.

खरं दुखणं वेगळं असतं. एनपीएम एकाच वेळी १५ कनेक्शन उघडतो आणि फसला तर दोनदाच परत प्रयत्न करतो. तुमच्या लाइनला १५ झेपत नाहीत. `एनपीएम कॉन्फिग सेट मॅक्ससॉकेट्स ३` आणि `एनपीएम कॉन्फिग सेट फेच-रीट्राइज ६` करा. वेळ जास्त जाईल पण पोचेल. पुढच्या वेळी `एनपीएम सीआय --प्रीफर-ऑफलाइन`, म्हणजे कॅशमध्ये आहे ते नेटवर विचारत नाही. `एनपीएम सीआय` दरवेळी नोड मोड्यूल्स पुसतो म्हणून काही लोक घाबरतात, पण कॅश वेगळी असते, तिला तो हात लावत नाही.

पायथनवाल्यांसाठी, पिप १५ सेकंद वाट बघून कनेक्शन सोडतो. `--टाइमआउट १००` जोडा.

५. ग्रेडल (अँड्रॉइडचं बिल्ड टूल) सिंक काल तुटला आणि आज नेट चांगलं असूनही झिपची एरर येते, असं का?

अर्धी उतरलेली झिप तिथेच पडून आहे आणि ग्रेडल तीच परत परत उघडायला बघतोय. होम फोल्डरात `.ग्रेडल/रॅपर/डिस्ट्स` मध्ये जा, त्या आवृत्तीचा फोल्डर तेवढा उडवा, अख्खा `.ग्रेडल` नको (का ते प्रश्न ४ मध्ये). एकदा बिल्ड नीट झाला की रोजचं काम `--ऑफलाइन` लावून करा. आणि अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ८ वर गेला असाल तर जेडीके १७ लागतो, तो नसला की येणारी एररही लोक नेटवरच ढकलतात.

६. मे संपायच्या आधी काय काय उतरवून ठेवावं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड पट्ट्यात किती दिवस लाइट आणि नेट नव्हतं ते तिकडच्या लोकांना विचारा. जनरेटरवर लॅपटॉप चार्ज होतो पण पॅकेज उतरत नाही. तर, प्रत्येक प्रोजेक्ट एकदा पूर्ण बिल्ड करून कॅश भरून घ्या. पायथनसाठी `पिप डाउनलोड -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी -डी पॅकेजेस`, आणि लावताना `पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स=पॅकेजेस -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी`, पण ज्या मशीनवर लावणार त्याच प्रकारच्या मशीनवर आणि त्याच पायथन आवृत्तीने उतरवा, विंडोजचं लिनक्सवर चालेल असं नाही. डॉकर इमेज (अॅप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) `डॉकर सेव्ह -ओ इमेज.टार <इमेजचं नाव>` ने फाइल करून ठेवा, `डॉकर लोड -आय इमेज.टार` ने परत येते. प्लेराइट या ब्राउझर टेस्टिंगच्या टूलचे ब्राउझर पॅकेजसोबत येत नाहीत, `एनपीएक्स प्लेराइट इन्स्टॉल` वेगळं चालवावं लागतं, हे लोक हमखास विसरतात. आणि डॉक्युमेंटेशन ऑफलाइन ठेवा, झील किंवा डेव्हडॉक्स दोन्ही चालतात.

७. विंडोजवर युजरचं नाव मराठीत आहे, प्रोजेक्टचा फोल्डरही मराठीत. त्यामुळे बिल्ड अडतो का हो?

अँड्रॉइडचा तरी अडतो, पाथमध्ये इंग्रजीबाहेरची अक्षरं आहेत असं स्पष्ट सांगतो. `ग्रेडल.प्रॉपर्टीज` मध्ये `अँड्रॉइड.ओव्हरराइडपाथचेक=ट्रू` टाकून पुढे जाता येतं, पण मग आतलं दुसरं कुठलं तरी टूल वेगळ्याच ठिकाणी रुसतं. वाईट वाटतं सांगायला, पण सी ड्राइव्हवर थेट `वर्क` नावाचा फोल्डर करा आणि सगळं तिथे ठेवा. पाथ छोटा राहिल्याने विंडोजची २६० अक्षरांची मर्यादाही आड येत नाही. तरी आलीच तर `गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.लाँगपाथ्स ट्रू`.

८. पोर्ट ३००० आधीच वापरात आहे म्हणतं, पण मी तर सगळं बंद केलंय!

टर्मिनलची खिडकी बंद केली म्हणजे प्रोसेस मेली असं नाही. विंडोजवर `नेटस्टॅट -एएनओ | फाइंडएसटीआर :३०००`, शेवटच्या रकान्यातला आकडा घ्या, `टास्ककिल /पीआयडी <आकडा> /एफ`. लिनक्स-मॅकवर `एलसॉफ -आय :३०००` आणि मग `किल`. मॅकवर ५००० पोर्ट असेल तर शोधत बसू नका, माँटेरेपासून एअरप्ले रिसीव्हर तो धरून बसतो, सेटिंगमध्ये बंद करा.

९. सर्व्हर चालू आहे, ब्राउझरमध्ये दिसतो, पण टेस्टमधून कनेक्शन रिफ्यूज्ड. हे कसं काय?

एररमध्ये `::१` दिसतंय का बघा. नोड १७ पासून लोकलहोस्टचा पत्ता सिस्टम ज्या क्रमाने देते त्याच क्रमाने घेतला जातो, बऱ्याचदा आयपीव्ही६ आधी येतो, आणि तुमचा सर्व्हर फक्त आयपीव्ही४ वर ऐकत असतो. टेस्टमध्ये लोकलहोस्टऐवजी १२७.०.०.१ लिहा.

टेस्ट डॉकर कंटेनरच्या आत चालत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. बाहेरच्या मशीनसाठी `होस्ट.डॉकर.इंटर्नल` वापरा, लिनक्सवर चालवताना `--अॅड-होस्ट=होस्ट.डॉकर.इंटर्नल:होस्ट-गेटवे` जोडावं लागतं.

१०. पॉवरशेलमध्ये एनपीएम टाकलं की स्क्रिप्ट चालवायला मनाई आहे असं लाल अक्षरात येतं.

`सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप करंटयुजर रिमोटसाइन्ड`. ऑफिसचा लॅपटॉप असेल आणि तरी नाही म्हणाला तर कमांड प्रॉम्प्ट वापरा.

११. सगळीकडे सर्टिफिकेट एरर येतेय, गिट, एनपीएम, ब्राउझर सगळं. व्हेरिफाय बंद करू का?

अजिबात नको. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्डवरचा बटण सेल, सीआर२०३२, संपलेला असतो आणि लाइट गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, मग जगातली सगळी सर्टिफिकेटं अजून सुरूच झालेली नाहीत असं त्याला वाटतं. सेल बदला, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. टोकन लगेच एक्स्पायर होतंय अशी तक्रारही कधी कधी यातलीच असते.

घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे-पुढे होत असेल तर सेल नाही, तुम्ही विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलंय. विंडोज हार्डवेअर घड्याळात इथली वेळ ठेवतो, लिनक्स यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ. लिनक्समध्ये `टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १` करा.

१२. पहाटे चालणाऱ्या टेस्ट फेल, सकाळी त्याच पास. भूत आहे का?

भूत नाही, यूटीसी आहे. आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात यूटीसीमध्ये कालचीच तारीख असते. कोडमध्ये कुणीतरी `टूआयएसओस्ट्रिंग` करून पहिली दहा अक्षरं घेऊन त्याला "आज" म्हटलेलं असतं, शोधा, सापडेल. उपाय दोन. "आज" म्हणजे कुठल्या वेळेनुसार ते कोडमध्ये स्पष्ट लिहा, `एशिया/कोलकाता`. आणि टेस्टमध्ये खरं घड्याळ वापरूच नका, ठरावीक वेळ द्या, आणि मुद्दाम पहाटे २ ची एक केस ठेवा. ग्राहक अमेरिकेतला असेल तर तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ सरकतं, आपल्याकडे नाही, म्हणून ती केस आपल्याला सुचतच नाही.

१३. क्रोम आपोआप अपडेट झाला आणि सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारं टेस्टिंग टूल) म्हणतंय क्रोमड्रायव्हर जुळत नाही.

ड्रायव्हर हाताने उतरवून ठेवायचे दिवस गेले. सेलेनियम ४.६ पासून सेलेनियम मॅनेजर आत आहे, तो क्रोम बघून योग्य ड्रायव्हर स्वतः आणतो. पण पाथमध्ये जुना ड्रायव्हर पडलेला असेल तर तोच उचलला जातो, म्हणून अपडेट करूनही एरर जात नाही. तो जुना आधी काढा. नेट नसेल तेव्हाची तजवीज म्हणजे क्रोम फॉर टेस्टिंग, ठरावीक आवृत्तीचा क्रोम आणि त्याचाच ड्रायव्हर, दोन्ही एकदा उतरवून ठेवा, तो आपोआप अपडेट होत नाही.

१४. टेस्ट ऑफिसात पास, माझ्या घरी कधी पास कधी फेल. स्लीप वाढवत नेऊ का?

स्लीप वाढवलीत तर नेट चांगलं असतानाही तेवढी वाट बघावी लागते आणि वाईट असताना तरी पुरेल याची खात्री नाही. बटण क्लिक करण्याजोगं होईपर्यंत थांब, असा एक्स्प्लिसिट वेट लावा, आणि इंप्लिसिट वेटशी तो मिसळू नका, दोन्ही मिळून वाट बघण्याचा हिशोबच लागत नाही. स्टेल एलिमेंट येत असेल तर पान परत रंगवलं गेलंय, एलिमेंट परत शोधा. हेडलेसमध्येच (ब्राउझर पडद्यावर न दाखवता) फेल होत असेल तर खिडकी लहान असते, जुन्या हेडलेसमध्ये ८०० बाय ६००, मेनू मोबाइलसारखा गोळा होतो आणि तुमचं बटण आत लपतं. `--विंडो-साइझ=१९२०,१०८०` द्या.

आणि मुळात बाहेरची एपीआय टेस्टमध्ये खरीखुरी कशाला मारताय? मॉक करा, म्हणजे तिच्या जागी ठरावीक खोटं उत्तर द्या. माझ्या मते तुमच्या गावचं नेट हा त्या टीमला फुकट मिळालेला टेस्टर आहे, तिथे फेल होणारी टेस्ट आज ना उद्या सीआयवरही (टीमच्या टेस्ट आपोआप चालवणारा सर्व्हर) फेल होणार.

१५. मराठी मजकूर डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्हं होऊन बसतो, आणि एक्सेलमध्ये भलतंच काही.

नुसती प्रश्नचिन्हं साठली असतील तर तो मजकूर गेला, परत येत नाही. टेबल आणि कनेक्शन दोन्ही `यूटीएफ८एमबी४` करा, एकच केलं तर पुरत नाही. मायएसक्यूएलच्या जुन्या `यूटीएफ८` मध्ये मराठी बसतं पण इमोजी बसत नाही, म्हणून टेस्टमध्ये पास आणि ग्राहकाने अंगठा टाकला की फेल. टोपीवाली परदेशी अक्षरं दिसत असतील तर मजकूर बहुधा शाबूत आहे, वाचण्यात चूक होतेय. एक्सेलसाठी सीएसव्ही `यूटीएफ-८-सिग` मध्ये लिहा.

१६. टेस्टमध्ये इंग्रजी आकड्यांत १२५० अपेक्षित होतं आणि देवनागरी आकडे आले. दोन्ही बरोबरच आहेत ना?

माणसाला बरोबर, टेस्टला नाही. `एमआर-आयएन` या मराठी-भारत लोकेलचे (भाषा-प्रदेशाची सेटिंग) आकडे मुळातच देवनागरी येतात, हिंदीचे मात्र इंग्रजी येतात, त्यामुळे हिंदीवर तपासलेला कोड मराठीवर पडतो. इंग्रजी आकडेच हवे असतील तर `एमआर-आयएन-यू-एनयू-लॅटिन`, फक्त शेवटचा शब्द `एल-ए-टी-एन` असा चारच अक्षरी लिहायचा. ग्राहकाला देवनागरी हवे असतील तर टेस्ट बदला, कोड नको.

१७. "किनाऱ्यावर" शोधलं तर सापडत नाही, स्क्रीनवर मात्र दोन्ही शब्द डिट्टो सारखे दिसतात!

हा खरा किचकट. किनाऱ्यातला तो अर्धा र तीन तऱ्हेने टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह). कुठला येणार ते कीबोर्डवर ठरतं. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) केलंत की दुसरा पहिल्यासारखा होतो, तिसरा मात्र तसाच राहतो. म्हणून एनएफसी केल्यावर र-हलन्त-झेडडब्ल्यूजे च्या जागी ऱ-हलन्त घाला, आणि हे साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे करा.

सगळे झेडडब्ल्यूजे पुसून टाकायची हुशारी करू नका. मग किनाऱ्याचा रफार होतो, आणि जोडून बनलेल्या इमोजी सुट्या पडतात ते वेगळंच.

१८. एडीबीला (लॅपटॉपवरून अँड्रॉइड फोनशी बोलणारं टूल) फोन दिसत नाही.

केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर डेटा जात नाही, आणि किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने पोर्टही खराब होतात. मग `एडीबी किल-सर्व्हर`, `एडीबी डिव्हायसेस`, फोनवर परवानगीची चौकट येते ती मान्य करा. अँड्रॉइड ११ पासून केबलशिवायही जमतं, पण `एडीबी पेअर` चा पोर्ट आणि `एडीबी कनेक्ट` चा पोर्ट वेगळे असतात, फोनवर दोन ठिकाणी दिसतात, तिथेच सगळे अडकतात. फोनवरून लॅपटॉपचा सर्व्हर हवा तर `एडीबी रिव्हर्स टीसीपी:३००० टीसीपी:३०००`.

१९. डॉकरने सगळी डिस्क खाल्ली, प्रून केलं तरी जागा मोकळी होत नाही.

आधी `डॉकर सिस्टम डीएफ` ने कोण खातंय ते बघा. `प्रून -ए` वापरात नसलेल्या सगळ्या इमेज उडवतो, त्या परत उतरवायला लागतील तेव्हा प्रश्न ६ आठवेल. `--व्हॉल्यूम्स` तर विचार करूनच, तिथे तुमचा टेस्ट डेटा असू शकतो. विंडोजवर प्रूननंतरही जागा दिसत नाही कारण डब्ल्यूएसएलची (विंडोजमध्ये चालणारं लिनक्स) आभासी डिस्क फुगते पण आपोआप आकसत नाही, `डब्ल्यूएसएल --शटडाउन` करून डिस्कपार्टमध्ये ती व्हीएचडीएक्स फाइल काँपॅक्ट करावी लागते.

२०. रेल्वेत बसून सर्व्हरवर काम करतो, बोगदा आला की एसएसएच तुटतं आणि चालू टेस्टही मरते.

करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा, रेंज राहणार कशी. सर्व्हरवर शिरल्याबरोबर `टीमक्स` सुरू करा आणि टेस्ट त्याच्या आत चालवा. कनेक्शन तुटलं तरी टेस्ट तिकडे चालू राहते, परत शिरून `टीमक्स अटॅच`. तुमच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये `सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०` टाका म्हणजे मेलेलं कनेक्शन लवकर कळतं, नाहीतर गोठलेल्या स्क्रीनकडे बघत बसाल.

२१. घरून जेमीटरने लोड टेस्ट (एकाच वेळी खूप युजर सोडून सर्व्हर टिकतो का ते बघणं) केली, ५०० युजरला सर्व्हर झोपला असा रिपोर्ट दिला, टीम मानायला तयार नाही.

टीमचं बरोबर आहे. ५०० युजरची रिक्वेस्ट तुमच्या घरच्या एकाच लाइनमधून गेली, तुम्ही ती लाइन मोजलीत. सर्व्हरचा सीपीयू त्या वेळी किती होता ते विचारा, निवांत असेल तर उत्तर मिळालं. स्क्रिप्ट घरी लिहा, दोन-चार युजरवर तपासा, खरा लोड सर्व्हरच्या जवळच्या क्लाउड मशीनवरून टाका, तोही खिडकी न उघडता, `जेमीटर -एन -टी टेस्ट.जेएमएक्स -एल निकाल.जेटीएल`. ती कमांड टीमक्सच्या आत चालवा, का ते वरच्याच उत्तरात आहे.